परसातील जुन्या फळझाडांची छाटणी
वागळे इस्टेट परिसरातील घरबागांसाठी काही उपयुक्त सूचना

ठाणे शहराच्या पश्चिमेस, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेली वागळे इस्टेट ही महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील मानाची जागा होय. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि त्या महामंडळाच्या अगदी आरंभीच्या वसाहतींत वागळे इस्टेटची गणना होते. या वसाहतीचे नाव काढले की यंत्रे, भट्ट्या व पाळीचे भोंगे डोळ्यांपुढे येतात. पुढे त्यांपैकी अनेक कारखान्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. परंतु रायलादेवी तलावाच्या आसपास किंवा लुईसवाडी, हाजुरी या बाजूंस जुन्या बैठ्या घरांमागे चार-दोन फळझाडे राखून असलेली परसे अद्यापही दृष्टीस पडतात. एखादा आंबा, एखादा फणस, चिकू, पेरू आणि भिंतीलगत दोन नारळ, असा त्यांचा सर्वसाधारण थाट असतो.

वसाहत वसत असता लावलेली ही झाडे आज साठीच्या पुढे गेली आहेत. त्यांची सावली वाढली, फळ मात्र आटले. फांद्या पत्र्यावर टेकल्या, शेंडे विजेच्या तारांशी भिडले, आणि दर वर्षी मे महिना उजाडला की घरात एकच प्रश्न निघतो : हे झाड ठेवावे की तोडावे? प्रस्तुत लेखाचा हेतू असा की, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी तिसराही एक मार्ग आहे याची घरमालकांस जाणीव व्हावी. तो मार्ग म्हणजे योग्य वेळी, योग्य रीतीने केलेली छाटणी.

जुने झाड फळ का धरीत नाही?

झाड म्हातारे झाले म्हणून फळ देत नाही, असा सर्वत्र समज आहे. तो पुष्कळ अंशी चुकीचा आहे. आंब्याचे झाड शंभर वर्षेही जगते व फळते. परंतु आंब्याला मोहोर येतो तो पक्व झालेल्या शेंड्यांवर, आणि शेंडा पक्व होण्यास सूर्यप्रकाश लागतो. झाड दाट झाले म्हणजे आतील फांद्यांना ऊन मिळत नाही. त्या हळूहळू वाळतात, आणि फळ देणारा भाग केवळ बाहेरच्या पातळ कवचापुरता उरतो. झाड दिसते मोठे, पण त्याचे कामकरी अंग लहान झालेले असते. आतील दमट काळोखात तुडतुड्यांना आश्रय मिळतो. भुरी व करपा या रोगांना असे वातावरण मानवते, आणि औषधाचा फवारा तेथपर्यंत पोचत नाही.

शहरातील झाडांची आणखी एक अडचण आहे. अंगणात फरशी वा सिमेंट घालताना ते थेट बुंध्यापर्यंत नेण्याची चाल पडली आहे. ठाण्यास दर पावसाळ्यात सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस होतो, तरी अशा झाडाच्या मुळांना त्यातील फारच थोडा वाटा मिळतो, आणि हवा तर त्याहूनही कमी. यास्तव छाटणीचा विचार करण्यापूर्वी बुंध्याभोवती निदान एक मीटर जागा मोकळी करावी. मुळे उपाशी असताना फांद्यांवर करवत चालविणे म्हणजे आजाऱ्याला लंघन घडविण्यासारखे आहे.

कायद्याची बाजू

घरचे झाड असले तरी शहरात ते आपल्या मर्जीने तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ साली झाला. त्यान्वये झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी आवश्यक असून झाडास इजा पोचविणे हेही तोडण्यातच मोडते. म्हणून मोठ्या फांद्यांच्या छाटणीसाठीही महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी अर्ज करणे हिताचे ठरते. ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन्ही महानगरपालिकांच्या हद्दीत हाच नियम आहे. २०२१ साली या अधिनियमात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळाले. वसाहतीच्या जन्मकाळी लावलेला परसातील आंबा या वयोमर्यादेत सहज बसतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. अर्जासोबत झाडाचे छायाचित्र व कोणत्या फांद्या काढावयाच्या याचा साधा नकाशा जोडावा. असा नकाशा काढताना आपलाही विचार स्वच्छ होतो.

छाटणी केव्हा करावी?

येथे एक महत्त्वाचा भेद समजून घेतला पाहिजे. धोकादायक फांदी उतरविणे निराळे, आणि झाडाचे पुनरुज्जीवन करणे निराळे. वाळलेली, चिरलेली किंवा छपरावर लोंबणारी फांदी पावसाळ्यापूर्वीच काढली पाहिजे, कारण तेथे माणसांच्या जीवाचा प्रश्न असतो. परंतु हिरव्या, जाड फांद्यांची मोठी छाटणी मे महिन्याच्या अखेरीस उरकणे अहितकारक आहे. ताज्या जखमेवर लागलीच पावसाची झड बसते, लाकूड कुजू लागते, आणि खोडकिड्याचे भुंगेरेही पावसाळ्याच्या प्रारंभासच बाहेर पडून जखमी सालीत अंडी घालतात. अशा रीतीने कापलेले झाड दोन-तीन वर्षांत आतून पोखरून निघते, आणि दोष मात्र छाटणीच्या माथी बसतो.

कोकणपट्टीत मोठी छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, म्हणजे साधारणतः ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत करावी. त्या वेळी हवा कोरडी होत असते, जखमा लवकर सुकतात, आणि येणाऱ्या नव्या फुटीला पुढील पावसाळ्यापूर्वी जून होण्यास सात-आठ महिने मिळतात. कावळ्यांची घरटी बहुधा उन्हाळ्यात असल्यामुळे पाखरांचाही संसार मोडत नाही. तरीही करवत लावण्यापूर्वी प्रत्येक फांदी घरट्यांसाठी पाहून घ्यावी.

किती छाटावे?

उत्तर भारतात लखनौ येथील केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने जुन्या आंबा बागांच्या पुनरुज्जीवनाची पद्धत रूढ केली. तीत मुख्य फांद्या जमिनीपासून तीन-चार मीटर उंचीवर कापून झाडास नव्याने डोके आणतात. ही छाटणी कठोर असते. मोठ्या बागेत मजूर, औषध व देखरेख हाताशी असल्याने ती निभावते. परंतु परसात एकच आंबा असेल, तर एवढा धोका पत्करण्याचे प्रयोजन नाही. कठोर छाटणीनंतर खोडकिड्याचा उपद्रव वाढतो, हा अनुभव सर्वत्र आहे.

घरबागेसाठी सौम्य मार्ग असा : शेंड्याकडून झाडाच्या एकूण उंचीच्या सुमारे एक तृतीयांश भाग कमी करावा, आणि तेही काम तीन वर्षांत वाटून घ्यावे. उदाहरणार्थ, आंबा बारा मीटर उंच असेल, तर तो अखेरीस आठ मीटरवर आणावयाचा आहे असे ठरवावे. पहिल्या वर्षी मधली सरळ वर गेलेली एक-दोन सोटे काढून झाडाच्या पोटात ऊन सोडावे. दुसऱ्या वर्षी छपराच्या वा तारांच्या बाजूची उंची उतरवावी, आणि तिसऱ्या वर्षी उरलेली बाजू. यामुळे प्रत्येक वर्षी झाडाचा काही भाग फळता राहतो, आणि घरातील मुलांना एकाही उन्हाळ्यात आंब्यावाचून बसावे लागत नाही. छाटलेला भाग मात्र सर्वसाधारणपणे दोन वर्षे फळणार नाही. तिसऱ्या वर्षी त्यावर मोहोराची अपेक्षा ठेवावी. तेवढा धीर ज्यांना नाही त्यांनी करवत हाती न घेतलेलीच बरी.

फांद्या निवडताना पुढील क्रम पाळावा. प्रथम वाळलेल्या, मग रोगट व पोखरलेल्या, मग एकमेकींवर घासणाऱ्या, आणि शेवटी उंची कमी करण्यासाठी काढावयाच्या. बांडगूळ दिसल्यास त्याची केवळ पाने ओरबाडून भागत नाही. त्याची मुळे फांदीच्या लाकडात शिरलेली असतात, म्हणून ते जेथे चिकटले असेल त्याच्या खालून फांदीच काढावी. पाखरे बांडगुळाची फळे खाऊन त्याचा प्रसार करतात. यास्तव शेजाऱ्याच्या झाडावरचे बांडगूळही आपलेच समजून त्याच्याशी बोलणे करावे.

फांदी कापण्याची रीत

हत्यारांत धारदार करवत, बारीक कामासाठी सिकेटर, मजबूत शिडी व दोरखंड एवढे पुरे. कोयत्याने घाव घालून फांदी तोडण्याची सवय सोडून द्यावी, कारण त्याने साल फाटते व लाकडाच्या चिंध्या होतात. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना करवतीचे पाते स्पिरिटने पुसून घ्यावे.

जाड फांदी तीन कापांत उतरवावी. पहिला काप खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर, खालच्या बाजूने, फांदीच्या जाडीच्या एक चतुर्थांश खोलीपर्यंत द्यावा. दुसरा काप त्याच्या थोडा पुढे, वरच्या बाजूने द्यावा. फांदी आपल्या भाराने पडेल, पण खालचा काप असल्यामुळे खोडाची साल सोलून नेणार नाही. आता उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढावा.

हा तिसरा काप सर्वांत महत्त्वाचा. फांदी जेथे खोडातून निघते तेथे सालीचा एक सुरकुतलेला फुगवटा असतो. काप त्या फुगवट्याच्या लगत, परंतु त्याच्या बाहेर द्यावा. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडांची खोडे चिरून दाखवून दिले की, झाड माणसाच्या कातडीप्रमाणे जखम भरून काढीत नाही. ते कुजक्या भागाभोवती भिंत उभारून त्यास कोंडून टाकते. ही भिंत उभारण्याची शक्ती त्या फुगवट्यात असते. काप खोडाशी सपाट केला तर फुगवटाच नाहीसा होतो, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून रोगाला वाट देतो. सपाटही नको आणि खुंटही नको, हे सूत्र कामगाराला शिडीवर चढण्यापूर्वीच समजावून सांगावे.

विजेची तार जवळ असेल तेथे घरच्या माणसाने मुळीच चढू नये. वीज कंपनीस कळवून प्रवाह बंद करवून घ्यावा व मगच काम करावे. फांदीला दोर बांधून ती हळू उतरवावी. खाली मुलांना उभे राहू देऊ नये.

जखमेची निगा

आपल्याकडील दमट हवेत मोठ्या जखमांवर बोर्डो मलम लावणे श्रेयस्कर आहे. फ्रान्समधील बोर्दो प्रांतात मिलार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ साली द्राक्षवेलींसाठी जे मिश्रण प्रसिद्ध केले, त्याचेच हे घट्ट रूप. घरबागेपुरते मलम करण्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात व १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवावा. दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून लाकडी काठीने ढवळावीत. भांडी मातीची किंवा प्लॅस्टिकची असावीत, लोखंडाची असू नयेत. मिश्रणात लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून पाहावा. त्यावर तांबूस पुट चढल्यास चुना कमी पडला असे समजून आणखी थोडा घालावा. मलम त्याच दिवशी वापरावे. डांबर किंवा तेलरंग जखमेवर लावू नये, त्याखाली ओल कोंडते.

दाट पाला निघून गेल्यावर आजवर सावलीत राहिलेली साल एकाएकी उन्हात येते व भाजून तडकते. म्हणून उघड्या पडलेल्या जाड फांद्यांना व खोडाला चुन्याची सफेदी द्यावी. हे काम पुष्कळ लोक विसरतात, आणि नेमक्या त्या तडकलेल्या सालीतूनच खोडकिडा आत शिरतो.

खोडावर बारीक छिद्र व खाली लाकडाचा भुसा पडलेला दिसला की खोडकिड्याची अळी आत आहे हे निश्चित समजावे. तारेचा आकडा करून छिद्रात घालावा व अळी ओढून काढावी, आणि मग छिद्र मातीने लिंपून टाकावे. छाटणीनंतरची दोन वर्षे पंधरवड्यातून एकदा खोडाभोवती फेरी मारण्याचा नेम ठेवावा. औषध वापरावयाचे झाल्यास कृषी अधिकाऱ्याचा सल्ला आधी घ्यावा.

नवी फूट व खतपाणी

काही आठवड्यांतच कापलेल्या टोकांजवळील सुप्त डोळे फुटून धुमाऱ्यांचे झुबकेच्या झुबके येतात. ते पाहून आनंद होतो, पण सर्व धुमारे ठेवले तर दोन वर्षांत झाड पुन्हा पूर्वीसारखेच गच्च होईल. प्रत्येक मोठ्या फांदीवर बाहेरच्या दिशेने वाढणारे, एकमेकांपासून अंतर राखून असलेले आठ-दहा सशक्त धुमारे ठेवावेत व बाकीचे कोवळे असतानाच काढावेत. झाड कलमी असेल तर कलमाच्या सांध्याखालून येणारी फूट न चुकता काढावी. ती खुंटाची असते, हापूसची नव्हे.

उन्हाळ्यात पंधरा दिवसांच्या अंतराने आळ्यात भरपूर पाणी द्यावे व वर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. दहा वर्षांवरील आंब्याच्या झाडास पावसाच्या प्रारंभी सुमारे ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद व एक किलो पालाश द्यावे अशी कोकणातील सर्वसाधारण शिफारस आहे. हे खत बुंध्याशी न टाकता फांद्यांच्या घेराखाली चर काढून द्यावे, कारण अन्न घेणारी बारीक मुळे तेथे असतात. शहरात शेणखत न मिळाल्यास घरच्या ओल्या कचऱ्याचे कुजलेले खत उत्तम चालते.

इतर झाडांविषयी

सर्व झाडांस एकच नियम लावू नये. पेरूला फूल नव्या फुटीवर येते, म्हणून त्याला दर वर्षी हलकी छाटणी मानवते. म्हातारा पेरू जमिनीपासून एक-दीड मीटरवर कापला तरी जोमाने फुटतो. चिकूची वाढ मंद असते, यास्तव त्याच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. वाळलेल्या, जमिनीस टेकलेल्या व आत गुंतलेल्या फांद्या तेवढ्या काढाव्यात. फणस धरतो तो खोडावर व जाड फांद्यांवर, आणि दर वर्षी बहुधा त्याच त्या जागी. तेथील आखूड फुटवे खरडून खोड गुळगुळीत करणे म्हणजे पुढील वर्षीचे फणस आजच काढून टाकणे होय. लिंबावर सरळ वाढणारे, काटेरी व निष्फळ पाणसोट तेवढे काढावेत.

नारळाची छाटणी म्हणून कोणतीही गोष्ट नाही. त्याला एकच शेंडा असतो, तो गेला की माड गेला. निरोगी माडावर तीस-पस्तीस झावळ्या असतात, आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय जन्मते. हिरवी झावळी तोडली की तेवढे नारळ कमी झाले. केवळ वाळलेल्या झावळ्या उतरवाव्यात.

तोडणे अटळ असेल तर

कधी कधी झाड खरोखरच वाचविता येत नाही. खोड पोकळ झालेले असते, किंवा मुळे घराच्या पायात शिरलेली असतात. अशा वेळी परवानगी घेऊन झाड काढावे लागते. परंतु तत्पूर्वी एक विचार करावा. परसातील आंबा हापूस वा पायरीचा असेल तर त्याचे कलम कोणत्याही रोपवाटिकेत मिळेल. तो रायवळ असेल तर मात्र गोष्ट निराळी आहे. कोयीपासून वाढलेले बहुतेक रायवळ झाड आपल्या जातीचे एकटेच असते. आजीने ज्याचे लोणचे घातले, ज्याचा रस एका विशिष्ट आंबटगोड चवीसाठी शेजारीपाजारी मागून नेत, तो आंबा जगात दुसरीकडे कोठेही नसतो. त्याची कोय लावून तोच आंबा मिळेल अशी खात्री नाही. करवतीने एका दिवसात जाते ती नुसती सावली नव्हे, एक संपूर्ण जात जाते.

ती राखण्याचा उपाय सोपा आहे. झाड उभे असतानाच, पावसाळ्यात, त्याच्या निरोगी व तीन-चार महिन्यांच्या शेंड्यांच्या काड्या घेऊन कोवळ्या रोपांवर पाचर कलमे बांधवून घ्यावीत. काड्या घेण्यापूर्वी आठ-दहा दिवस त्यांची पाने देठ ठेवून कापावीत, म्हणजे डोळे फुगतात. कलमे एकाऐवजी पाच-सहा करावीत व दोन-तीन नातेवाइकांकडे वाटून लावावीत. याच्या उलट, झाड सशक्त आहे पण फळ बेचव आहे अशी स्थिती असल्यास, छाटणीनंतरच्या नव्या धुमाऱ्यांवर हापूस, केसर किंवा नीलम व हापूस यांच्या संकरातून झालेली रत्ना यांची कलमे बांधून त्याच बुंध्यावर नवी जात आणता येते.

समारोप

सारांश असा की, प्रथम बुंध्याभोवतीची माती मोकळी करावी, परवानगी मिळवावी, पावसाळा संपण्याची वाट पाहावी, आणि तीन वर्षांत थोडे थोडे करून झाड आवाक्यात आणावे. एक लहानशी वही करून तीत छाटणीची तारीख, काढलेल्या फांद्या, नव्या फुटीचा दिवस, सापडलेल्या अळ्या व प्रत्येक वर्षीच्या फळांची संख्या लिहून ठेवावी. तिसऱ्या उन्हाळ्यात ती वही उघडून हिशेब पाहावा. झाडाने साठ वर्षे सावली दिली आहे, त्याला तीन वर्षांची मुदत देण्यास हरकत नसावी. त्यानंतरही तोडणेच योग्य असे ठरले, तर तो निर्णय पुरेशा माहितीवर घेतलेला असेल, आणि तोवर त्याची कलमे दुसऱ्या कोणाच्या परसात रुजलेली असतील.